फोर्सची वही

मी राणीसावरगावचा. वडिलांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, तिथंच यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीचे प्रोग्राम सांभाळतो. नवरात्र उरकलं की गावात ऊसतोडीची बोलणी सुरू होतात आणि आमच्याकडे ट्रायल.

एका ऑफ-सीझनला प्रोग्राममध्ये जुना ‘फोर्स’ सापडला. मिलला ऊस पुरवणाऱ्या डोनेली शूटमध्ये ऊस किती भरलाय ते सांगणारा सेन्सर कधीतरी रात्री बिघडला असावा. गव्हाण थांबू नये म्हणून कुणीतरी त्याचा सिग्नल कायम ‘चालू’ करून ठेवला होता. पुढं सेन्सर बदलला, फोर्स राहिला. मी तो काढला. हंगाम सुरू झाला, गव्हाण नीट चालली.

चार दिवसांनी केमिस्टनी विचारलं, “बगॅसमधली पोल का वाढतेय?”

पोल म्हणजे बगॅसमध्ये, उसाच्या चोथ्यात, राहून गेलेली साखर. रोलर पाहिले, ज्यूस पंप पाहिले. दोष निघाला पाण्यात. चोथ्यातली उरलेली साखर धुऊन काढायला शेवटच्या मिलवर पडणारं इम्बिबिशनचं पाणी मधूनमधून बंद होत होतं. मधल्या काळात कुणीतरी त्याचा व्हॉल्व्ह शूटच्याच सिग्नलला जोडला होता. सिग्नल कायम चालू, म्हणून ती जोडणी कधी जाणवलीच नव्हती. आता साखर बगॅसबरोबर बॉयलरात जळत होती. उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, उताऱ्यावर ठरते; माझ्या एका क्लिकचा भार वडिलांसारख्यांच्या उसावर पडत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ साली सांगितलं होतं, की प्रोग्रामचे भाग पाडताना बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. १९९४ साली त्यांनीच लिहिलं, की सॉफ्टवेअरही म्हातारं होतं. मूळ रचना न समजता केलेल्या दुरुस्त्या हे त्याचं एक कारण. आमच्या शूटचा सिग्नल त्याचाच दाखला होता.

पुढच्या ऑफ-सीझनला मी नकाशा काढायला बसलो. गव्हाण, मिल, बॉयलर, टर्बाइन: कोणता सिग्नल कुणाचा, तो कोण कोण वाचतं. नऊ मोठे कागद भरले. वयस्कर फिटरमामांनी त्यातल्या कितीतरी रेघा तोंडपाठ सांगितल्या. त्या कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. रोलर दरवर्षी खोलतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात. प्रोग्राम झिजत नाही म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. हे चूक आहे, आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये बोलतो.

आता कंट्रोल रूममध्ये एक वही आहे. फोर्स लावला की तारीख, कारण, सही. काढला की पुन्हा सही. गेल्या हंगामात तिच्यात अकरा नोंदी झाल्या. अकराही फोर्स हंगाम संपायच्या आत निघाले.