सौदीहून परतल्यानंतर

शाळेचा प्रवेश अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात आमच्याकडची काही मुले कामाचे नाव लिहीत नाहीत, देशाचे लिहितात. ‘सौदी’, ‘कुवेत’, ‘दुबई’. वडील तिथे गवंडी आहेत, ड्रायव्हर आहेत की हॉटेलात भांडी घासतात, हे मुलांना ठाऊक नसते. नळदुर्गसारख्या गावात यात नवीन काही नाही. पण पूर्वी गेलेली पिढी आता म्हातारी होऊन परत येऊ लागली आहे, आणि त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा विचार फार थोड्या घरांनी केला आहे.

निवृत्त झाल्यावर परदेशी राहायला जाणारेही लोक जगात आहेत. अमेरिकेतले कितीतरी पेन्शनर मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील शहरांत जाऊन राहतात, कारण डॉलरची पेन्शन तिथे जास्त पुरते. दुबईनेही २०२० मध्ये ५५ वर्षांवरील परदेशी लोकांसाठी निवृत्तीचा व्हिसा सुरू केला. त्यासाठी अट होती ती महिन्याला २० हजार दिरहम उत्पन्नाची, नाहीतर मोठ्या बचतीची किंवा मालमत्तेची. आपल्या माणसांची गोष्ट नेमकी उलटी आहे. तरुणपण समुद्राकाठी जाते आणि म्हातारपण गावी. सौदीत नोकरी संपली की इकामाही संपतो, मग तिथे कितीही वर्षे काढलेली असोत.

आमचे थोरले मामू १९९४ साली जेद्दाहला गेले आणि २०२० मध्ये परतले. इमारतींच्या देखभालीत इलेक्ट्रिशियनचे काम. एका खोलीत सहाजण. सुरुवातीच्या काळात पत्राबरोबर कॅसेट यायची. नानी ती टेपमध्ये घालून मुलाचा आवाज ऐकायची आणि मध्येच त्याला उत्तरही द्यायची. मामू दर दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे. हिशोब मांडला तर २६ वर्षांत घरच्यांच्या वाट्याला ते जेमतेम दोन वर्षे आले.

शेवटी हातात काय आले? सौदीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांचा दरवर्षी अर्धा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक पूर्ण पगार मिळतो. म्हणजे साडेतेवीस महिन्यांचा पगार. परदेशी कामगाराला म्हातारपणाची पेन्शन नाही. ती रक्कम धाकट्या मुलीच्या लग्नात आणि मामींच्या ऑपरेशनमध्ये गेली.

आता मामूंचा दिवस असा असतो. साडेतीनला जाग येते, ती सवय तिकडची. फजरनंतर बसस्टँडवर चहा, मग पेपर. जेद्दाहची आठवण निघाली की कॉर्निशवरची संध्याकाळ, शुक्रवारची सुट्टी आणि मक्का केवळ ८० किलोमीटरवर, हे ते सांगतात. मनात आले की उमरा करता यायचा, याचे मोल त्यांना आता जास्त वाटते. तिथे समुद्राचे खारे पाणी गोडे करून नळाला येते, हेही ते ऐकवतात. मग आम्ही त्यांना चिडवतो, की दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने चारशे वर्षांपूर्वी बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला, तेव्हा तुमचे जेद्दाह कुठे होते? मामू हसतात. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की सर्वांच्या आधी किल्ल्यात पोचतात तेच.

घरात मात्र त्यांचे चालत नाही. मामींनी २६ वर्षे एकटीने घर चालवले. मुलांच्या फिया, आजारपणे, सासू-सासऱ्यांची सेवा. एकदा मामूंनी डबे हलवून कपाट नव्याने लावले, तर मामींनी संध्याकाळपर्यंत सगळे पूर्ववत केले. “यांना घरात बसायची सवय नाही आणि मला यांची,” असे त्या म्हणतात. त्यात तक्रार कमी आणि खरेपणा जास्त आहे.

याच नळदुर्गला १८५३ नंतर काही वर्षे कर्नल मेडोज टेलर कारभार पाहत होता. पंधराव्या वर्षी विलायतेहून आलेला हा माणूस १८६० मध्ये परत गेला, पण म्हातारपणी पुन्हा हैदराबादला आला. तिथून परतताना १८७६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मेंतों या गावी वारला. ना इथला, ना तिथला. परदेशात आयुष्य घालवलेल्या माणसाची ही दशा जुनीच आहे.

मामूंचा खरा घोर घराचा आहे. दोन मजली घर त्यांच्या पैशातून उभे राहिले, पण जागा नानांच्या नावावर होती. नाना गेल्यावर तिच्यात सर्व भावांचा आणि बहिणींचाही ठरलेला हिस्सा आला. मामू म्हणतात, “जागा सर्वांची, बहिणींचा हक्क मी बुडवणार नाही. पण बांधकाम माझे.” धाकटे मामू म्हणतात, “पैसे तुम्ही पाठवले, पण वाळू-सिमेंट मी वाहिले, अब्बांना दवाखान्यात मी नेले.” दोघांचेही खोटे नाही. ड्राफ्ट सगळे नानांच्या नावाने आलेले आणि चिठ्ठी एकही नाही. ईदनंतर दोनदा बैठक झाली. निकाल अजून लागलेला नाही. जेवण मात्र दोघे भाऊ अजून एका दस्तरखानवर करतात, हा अल्लाहचा करम.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकराची ही आयत आपण तिलावतीत वाचतो, पण भावाकडे कागद मागायला लाजतो. कागद अविश्वासाचा नसतो. पुढच्या पिढीचे नाते तुटू नये म्हणून असतो.

ज्यांच्या घरचे माणूस आज आखातात आहे, त्यांना आमची विनंती आहे. येणाऱ्या पैशातला थोडा भाग दर महिन्याला त्याच्याच नावावर, त्याच्या म्हातारपणासाठी ठेवा. जागा कोणाची आणि बांधकाम कोणाचे, हे वडील हयात असतानाच लिहून घ्या. मुलांना बापाच्या कामाचे नाव सांगा. आणि तो परत आला की त्याला पाहुणा करू नका, काम द्या. आमच्या मामूंकडे सध्या मोहल्ल्यातली दोन पोरे वायरिंग शिकायला येतात. त्या दिवसांत मामू दुपारचे झोपत नाहीत, आणि मामी चहा न मागता पाठवतात.