पाट्यांजवळची ती दांडी

पिकअप घ्यायची म्हटली की आपले प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती, हौदा किती फुटी, पासिंग किती टनाचं, हप्ता किती बसतो. मीही हीच यादी घेऊन निघाले होते. घरचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला न्यायचा आणि भाव बरा असला तर माळशेज उतरून कल्याण-वाशी गाठायची, एवढ्यासाठी गाडी हवी होती. पण या विषयात शिरले आणि अक्षरशः वेड लागलं! रस्त्यावर आपण रोज बघतो त्या गाडीच्या पोटात इतकं शहाणपण भरलेलं असतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

सुरुवात झाली एका साध्या वजाबाकीपासून. आरसी बुकावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. समजा रिकामी गाडी १,६०० किलोची आणि एकूण मर्यादा २,९०० किलोची आहे. म्हणजे १,३०० किलो माल भरायचा? नाही! त्यातच ड्रायव्हर आणि हमाल आले, त्यांचे १४० किलो. हौद्यावर वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी जाळी ८० किलोची, ताडपत्री-दोर वगैरे २०. उरले १,०६० किलो. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा म्हणतो आपण, पण रिकामा क्रेटही दीड-दोन किलो भरतो. भागाकार करा, ४८ क्रेट! हौद्यात जागा मात्र याहून कितीतरी जास्त क्रेटची असते. भाऊ म्हणाला, “ताई, आकडे काय बघतेस, हौदा बघ.” मी तोच कागद त्याच्यापुढे ठेवला, तर तोही पेन घेऊन बसला आणि आमच्या नेहमीच्या भरतीचा हिशेब मांडू लागला.

मग टायर. टायरच्या कडेला कोरलेले आकडे मी आयुष्यभर नुसते पाहिले होते. पिकअपच्या टायरवर १०६/१०४ असा काहीतरी लोड इंडेक्स असतो. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १०६ म्हणजे त्या एका टायरने ९५० किलो पेलायचे, म्हणजे मागच्या एकेरी जोडीने फार तर १,९०० किलो, तेही हवा बरोबर असेल तर! अख्खी गाडी काय पेलते हे रबरावर लिहून ठेवलेलं आहे आणि आपण त्यावरचा फक्त चिखल धुतो.

पण खरा आनंद पुढे होता. ओळखीच्या मिस्त्रींनी एका पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ टॉर्च धरला आणि म्हणाले, “हे बघा.” पाट्यांजवळून एक बारीक दांडी वर गेली होती. तिचं एक टोक ॲक्सलला आणि दुसरं टोक चेसिसवर बसवलेल्या मुठीएवढ्या व्हॉल्व्हला. माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला तेलाचा जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तोच दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडीचं शेपूट फिरेल. ना कॉम्प्युटर, ना वायर, एक दांडी पाठीवरचं ओझं ओळखून ब्रेक वाटते! मी त्या चिखलात कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. याला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह म्हणतात आणि अनेक पिकअपमध्ये तो असतो.

आता आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय सल्ला आठवा: “एक पाटा वाढवून घ्या, गाडी बसणार नाही.” गाडी बसत नाही हे खरं. पण चेसिस खाली आलीच नाही, तर दांडीला वाटतं गाडी रिकामी आहे! हौद्यात सगळ्यात जास्त वजन असताना मागच्या ब्रेकला मिळतो सगळ्यात कमी दाब. वाढीव पाट्याने ॲक्सलची, टायरची, ब्रेकची ताकद तसूभरही वाढत नाही. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जास्त वजन न्यायचंच असेल तर कंपनीतून जास्त पासिंगचीच गाडी घ्यावी, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

लांब हौद्याचा मोहही जपूनच. टेप घेऊन हौद्याची लांबी मोजा आणि मध्य कुठे येतो ते पाहा. तो मागच्या चाकांच्या पुढेच पडायला हवा. माल चाकांच्या मागे गेला की पुढची बाजू उचलली जाते आणि स्टेअरिंग हलकं पडतं. पाण्याची हजार लिटरची टाकी नेणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवं, ती एक टन भरते आणि अर्धी असली की आतलं पाणी वळणावर डचमळतं.

घाटाचं गणित तर किती सुंदर! वजन दुप्पट झालं तर गाडी थांबवायला दुप्पट ऊर्जा लागते, पण वेग दुप्पट झाला तर चौपट. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच गणितातून येतो, कारण वेग इंजिन धरून ठेवतं आणि लायनर तापत नाहीत. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांनी हे ऐकाच: इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळणं बंद. दोन-तीनदा पाय दाबला की पेडल दगडासारखं घट्ट होतं.

दंडाचं एका वाक्यात सांगते: ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर जादा प्रत्येक टनामागे २,००० आणि जास्तीचा माल जागेवर उतरवायचा.

म्हणून गाडी पसंत करायला जाल तेव्हा विक्रेत्याकडून आधी चार आकडे लिहून घ्या: रिकामं वजन, एकूण वजन, मागच्या ॲक्सलची मर्यादा आणि टायरचा लोड इंडेक्स. ते हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका. आणि गाडी घरी आली की पहिला माल भरून तिला भुईकाट्यावर न्या, एकदा अख्खी उभी करा, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा, आणि दोन्ही पावत्या त्या चार आकड्यांशी ताडून बघा.