ठिबकणारा नळ

घरातील लहानसहान वस्तूंकडे, त्या बिघडल्यावाचून, आपले लक्ष जात नाही. बिजागरी कुरकुरू लागेपर्यंत तिला तेल हवे असते हे कोणास आठवत नाही. नळाचेही तसेच आहे. कान पिळला की पाणी यावे आणि उलटा पिळला की थांबावे, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा. हे आज्ञापालन तो कशाच्या बळावर करतो, याची चौकशी आपण कधी करीत नाही. ‘नळ गळतो’ या वाक्यात कर्म नाही, असे आम्ही वर्गात शिकवितो. व्याकरणात ते खरे आहे. घरात मात्र ते कर्म कोणाच्या तरी वाट्याला येतेच.

आमच्या घरी ते आईच्या वाट्याला आले. गेल्या वैशाखात स्वयंपाकघरातील नळ ठिबकू लागला. आईचे बालपण फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर गेले. तेथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागे आणि पहाटे उठून दूरच्या झरीवरून कळशीने पाणी आणावे लागे. अशा माणसाला पाणी वाया जाताना पाहवत नाही. तिने नळाखाली तांब्या ठेविला, आणि तो भरून वाहील या धास्तीने ती रात्री मध्येच उठून तो बादलीत रिता करू लागली. तिचे गुडघे दुखतात. अंधारात ओल्या फरशीवर तिचे पाऊल पडले की आमच्या छातीत धस्स होई. नळदुरुस्ती करणाऱ्या दोघांना आम्ही निरोप धाडले. एक मोठ्या इमारतीच्या कामात गुंतला होता, दुसऱ्याने पुढच्या आठवड्याचा वायदा केला. त्यांस बोल लावण्याचे कारण नाही; एका रबरी चकतीसाठी अर्धा दिवस मोडणे कोणास परवडणार?

एवढ्याशा थेंबाचे मोल तरी किती, हे पाहावे म्हणून आम्ही घड्याळ समोर धरून मोजणी केली. मिनिटाला ४० थेंब पडत होते. साधारणतः २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. म्हणजे रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत १९,२०० थेंब, अर्थात सुमारे ९६० मिलिलिटर पाणी. आमचा तांब्या एक लिटरचा आहे, आणि सकाळी तो काठोकाठ आला होता. याच हिशेबाने दिवसाचे जवळजवळ तीन लिटर आणि वर्षाचे एक हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. ग्रामीण भागात माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी मिळावे, असे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या मापाने आमचा नळ वर्षाकाठी एका माणसाचे एकोणीस दिवसांचे पाणी मोरीत सोडीत होता. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण पाठ करतो. थेंबे थेंबे तळे आटते, हे तिचे दुसरे अंग आम्हांस त्या सकाळी कळले.

आणि हे पाणी काही आपोआप घरी येत नाही. ओपा येथे खांडेपार नदीचे पाणी उचलतात, गाळ बसवून, गाळून, जंतुनाशक घालून शुद्ध करतात, मग विजेच्या पंपांनी उंचावरील टाक्यांत चढवितात. ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघर नळाचे पाणी पोहोचलेले देशातील पहिले प्रमाणित राज्य म्हणून गोव्याची नोंद झाली. एवढ्या खटाटोपाने आलेले पाणी शेवटच्या वीतभर अंतरावर सांडावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

मग आम्ही स्वतःच पाना हाती घेतला. पेचाचा नळ ही मोठी साधी रचना आहे. इंग्लंडातील रॉदरहॅम येथे १८४५ साली तिचे पेटंट घेतले गेले, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. मूठ फिरविली की आतील आटे पाडलेला दांडा खाली सरकतो. त्याच्या टोकाची रबरी चकती, जिला बाजारात वायसर म्हणतात, पितळी बैठकीवर दाबून बसते आणि पाण्याची वाट अडते. वर्षानुवर्षे दाब सोसून रबर कडक होते, त्यावर वर्तुळाकार खाच पडते, आणि त्या खाचेतून थेंब निसटू लागतो. अशा वेळी आपण मूठ अधिकच आवळतो. त्याने रबर अधिकच चेचले जाते. नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वायसरचा किंवा बैठकीचा. मुठीखालून पाणी झिरपत असेल तर दांड्याभोवतीच्या दोऱ्याचा, हे लक्षात ठेवावे.

प्रथम टाकीचा कॉक बंद केला, आणि नळ उघडून नळीतील उरलेले पाणी जाऊ दिले. मोरीच्या तोंडावर फडके दाबले, नाहीतर निसटलेला स्क्रू पाताळात जातो. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने कागदावर मांडला. जोडताना तोच क्रम उलटा वाचावयाचा असतो. वरचा भाग पान्याने डावीकडे फिरविताच सुटून हाती आला. बैठकीवरून बोट फिरविले. ती गुळगुळीत होती. झिजले होते ते केवळ वायसर. ते रुमालात बांधून दुकानात नेले. दुकानदाराचा पहिला प्रश्न होता, “पोरनो हाडला?” जुना आणला का, एवढेच त्याला हवे होते, कारण मापाचा खरा दाखला तोच. अर्धा इंची नळाचे नवे वायसर चहाच्या एका पेल्याहूनही स्वस्त मिळाले. ते बसवून, सर्व भाग जोडून, कॉक हळूहळू उघडला. मूठ हलकेच फिरविली, आणि नळ थांबला.

आईने खाली ठेविलेला तांब्या उचलून पाहिला. तो कोरडा होता. काही न बोलता तिने तो घासून फळीवर ठेवून दिला. त्या रात्री ती एकदाही उठली नाही.

अलीकडील पाव फेरीच्या नळांत रबराऐवजी चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या दोन गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांची भोके जुळली की पाणी येते, न जुळली की थांबते. त्यांत वायसर बदलता येत नाही, तो सबंध गाभाच बदलावा लागतो. तेव्हा पाना उचलण्यापूर्वी आपला नळ कोणत्या जातीचा आहे, हे पाहून घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, शिकलेल्या माणसाचे हात लेखणीपुरतेच असतात, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. आमच्या हाती पाना पाहून शेजारच्या एका गृहस्थांस हसू आले, ते त्यामुळेच. परंतु विज्ञानाच्या पुस्तकातील दाब आणि पेच हे ज्या हातांना घरी कधी भेटलेच नाहीत, त्या हातांचे शिक्षण अर्धेच राहिले म्हणावयाचे. घरी वा शाळेत थेंब पडताना दिसला, तर त्यास मुकाट्याने ओलांडून जाऊ नका. त्या थेंबाखाली कोणी तरी तांब्या धरून जागे असते.