माळवदाच्या लाकडाचं टेबल

२७ एप्रिल २०२५, रविवार

सासरचं जुनं माळवद उतरवायचं काम आज संपलं. वरची पांढरी माती ट्रॉलीतून शेतात गेली. खालचे किलचन, लग, तुळया आणि खांब अंगणात रचून ठेवलेत. जुन्या लाकडाचा व्यापारी वजनकाट्याच्या भावानं सगळं उचलायला तयार आहे आणि दिरांचंही मन तिकडंच होतं. मी दोन सागाच्या तुळया मागून घेतल्या. मुलगी यंदा दहावीला आहे. तिला अभ्यासाला टेबल पाहिजे आणि ते घरीच, माझ्या हातानं करायचं ठरवलंय. आजवर रंधा हातात धरलेला नाही.

घनसावंगी, अंबड, परतूर या बाजूला जुनी घरं अशीच असायची. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लग, लगांवर किलचन आणि त्यावर हात-दीड हात माती. उन्हाळ्यात आत गारवा असायचा, रात्री वर झोपायला जागा मिळायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशाच भिंतींखाली आणि मातीच्या ओझ्याखाली माणसं गाडली गेली. बळींचा आकडा दहा हजारांच्या जवळ गेला. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाला माळवदाखाली निर्धास्त झोप येईना. स्लॅबची घरं आली ती योग्यच झालं. पण त्या माळवदातला साग वजनावर जावा, कुठल्या तरी भट्टीत किंवा चुलीत जळावा, हे मला पटत नाही. दोन पिढ्या डोक्यावर ओझं घेऊन उभं राहिलेलं हे लाकूड आहे. आतला ओलावा कधीच निघून गेलाय, वाकायचं तेवढं वाकून झालंय. नवशिक्याला याहून चांगलं लाकूड पैसे देऊनही मिळणार नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

जालन्याहून हत्यारं आणली. बारीक दाताची एक करवत, लोखंडी रंधा, तीन सुताची आणि सहा सुताची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, टेप, चार शिकंजे आणि धार लावायचा दगड. विजेची यंत्रं मुद्दाम घेतली नाहीत. आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो हे एक कारण. दुसरं म्हणजे हातकरवत चुकीच्या वाटेनं जायला लागली की हाताला लगेच कळतं आणि थांबता येतं. फिरत्या पात्यापुढं नवख्याला तेवढी उसंत मिळत नाही.

२ मे

वहीत आराखडा काढला. उंची २९ इंच, वरचा भाग ४२ बाय २२ इंच. खुर्चीची बैठक १८ इंचांवर आहे. बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांत दहा ते बारा इंच अंतर राहिलं तर लिहिताना खांदे वर चढत नाहीत. वरची फळी एक इंच जाड आणि तिच्या खालच्या आडव्या पट्ट्या साडेतीन इंच रुंद धरल्या, म्हणजे मांड्यांना साडेचोवीस इंच मोकळी जागा उरते.

मग लाकडाचा हिशेब. वखारीत लाकूड घनफुटात मोजतात: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ नं भागायचं. माझी एक तुळई ८ फूट लांब, ६ इंच रुंद, ५ इंच जाड, म्हणजे सुमारे १.६७ घनफूट. चार पाय, चार पट्ट्या आणि वरच्या फळ्या मिळून टेबलात जेमतेम १.२ घनफूट लाकूड जाईल. कापण्यातला भुसा, भोकं, कुजलेली टोकं वजा केली तरी दोन तुळयांत टेबल होऊन एखादं स्टूलही निघेल.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बांधावरचा आंबा तोडा की, घरचंच लाकूड होईल. आंबा, साग, चिंच, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, आधी परवानगी काढावी लागते. शिवाय ओलं लाकूड नीट वाळायला, एका इंचाच्या फळीलासुद्धा, महिने लागतात. जुनं लाकूड घरात पडलेलं असताना उभं झाड का पाडायचं?

५ मे

काल दिवसभर खिळे काढले. घडीव लोखंडाचे, चौकोनी अंगाचे, गंजून लाकडात रुतलेले. लेकीनं स्पीकरमधलं लोहचुंबक तुळईवरून फिरवून आत दडलेले खिळेही शोधले. आज वखारीत सुतारमामांनी पुन्हा तपासलं. "ताई, एक खिळा राहिला तर आऱ्याचं पातं जातंय, अन् माणसाचा डोळा बी जातोय," म्हणाले.

मामांचे वडील बलुत्यावर काम करायचे. औतं, वखर, तिफणी, बैलगाडीची चाकं. त्याला बाभूळ लागायची, कारण ती चिवट, दगडावर आपटली तरी फुटत नाही. ट्रॅक्टर आले तसं ते काम गेलं. आता मामा प्लायवूडला सनमायका चिकटवतात. तुळई आऱ्यावर चढली, पहिली फळी सुटून पडली आणि आतला सोनेरी तपकिरी रंग उघडा पडला तेव्हा त्यांनी त्यावरून हात फिरवला. मी मजुरी विचारली, तर आऱ्याचे पैसे तेवढे द्या म्हणाले, आणि "शिकायचं असंल तर संध्याकाळी येत जा."

१० मे

आज फक्त धार. पटाशीचं तोंड पंचवीस ते तीस अंशांत दगडावर टेकवायचं, तेलाचे चार थेंब टाकायचे आणि कोन न बदलता पुढं-मागं न्यायचं. मागची बाजू आरशासारखी सपाट झाल्याशिवाय पुढच्या बाजूला हात लावायचा नाही, अशी मामांची ताकीद आहे. सागाच्या अंगात मुळातच वाळूच्या जातीचा सिलिका असतो, त्यात आमच्या तुळयांत माळवदाची माती मुरलेली. धार लवकर जाते, म्हणून सारखी लावावी लागते. नवीन माणसानं पैसे वाचवायचे असतील तर रंध्यात वाचवावेत, दगडात वाचवू नयेत.

१३ मे

रंधा मारणं मला सगळ्यात आवडलं. फळीच्या कडेला बघायचं, रेषा कुठल्या बाजूला वर चढतात ते हेरायचं आणि त्याच दिशेनं रंधा ढकलायचा. उलट दिशेनं गेलं की लाकूड उचकटतं. बरोबर दिशा सापडली की कागदासारखी पातळ सालपटं गुंडाळत बाहेर येतात आणि रंध्याचा आवाजच बदलतो. लेकीनं तो आवाज ओळखायला माझ्या आधी शिकून घेतलं.

इटलीत एन्झो मारी नावाचा नामांकित डिझायनर होता. १९७४ मध्ये त्यानं टेबल, खुर्ची, पलंग, कपाट अशा १९ वस्तूंचे आराखडे लोकांसाठी खुले केले. साध्या फळ्या, खिळे, हातोडी, एवढ्यात होतील असे. टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही ते मिळत. माणसानं स्वतः एक टेबल केलं की दुकानातलं टेबल कशामुळं चांगलं आणि कशामुळं वाईट हे त्याला कळू लागतं, असा त्याचा विचार होता. मला आजच त्याचा प्रत्यय येतोय. घरातल्या विकतच्या टीपॉयला उलटं करून पाहिलं. दाबलेल्या भुश्याची फळी, वर लाकडाच्या चित्राचा कागद. पाणी लागलेला कोपरा फुगून आलाय आणि तिथं स्क्रू धरत नाही. तो दुरुस्त होणारच नाही, फेकावाच लागेल.

१८ मे, रविवार

कुसू आणि खाच. अख्ख्या टेबलाचा जीव यात आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

पाय अडीच इंच चौरस. आडवी पट्टी एक इंच जाड, म्हणजे आठ सूत. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं ते जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं, म्हणजे तीन सूत. पायात खाच पाडायची तीही तीन सुताची आणि पटाशीही बरोबर तीन सुताची. त्यामुळं खाचेची रुंदी हत्यारच ठरवतं, हाताला फक्त सरळ उभं धरायचं काम उरतं. आधी खाच, मग तिच्या मापानं कुसू. कुसू किंचित जाड ठेवून पटाशीनं एकेक सालपट काढत जायचं. हातानं दाबलं की आत शिरलं पाहिजे आणि उलटं धरलं तर आपोआप गळून पडता कामा नये. मोगरीनं ठोकून बसवलं तर पाय उभा चिरतो.

खिळ्यानं हे काम होत नाही, कारण लाकडाच्या टोकाच्या बाजूला खिळा धरत नाही. रेषांच्या मधून सरळ आत जातो तसाच काही महिन्यांत सैल होतो. कुसू मात्र चारी बाजूंनी कवेत असतं. पूर्वी त्यात उकळलेला सरस घालत. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल दिली की सुटायचा, त्यामुळं मोडलेला पाय काढून दुसरा बसवता यायचा. १९५९ मध्ये फेविकॉल आलं आणि सुतारांचं सरस उकळणं हळूहळू थांबलं. मीही फेविकॉलच वापरलं, पण रंधा मारला त्याच दिवशी. सागाच्या अंगात तेल असतं, ताज्या पृष्ठभागावर चिकट चांगलं धरतं.

चौकट जुळवल्यावर लेकीनं एका कडेवर १२ इंच, दुसरीवर १६ इंच खूण केली आणि टेप तिरका धरला. बरोबर २० इंच. पायथागोरसचं प्रमेय तिच्या भूमितीच्या पुस्तकातलं दुसरंच प्रकरण आहे. नंतर चौकटीचे दोन्ही कर्णही मोजले, सारखे निघाले.

जोहान्सबर्गजवळ १९१० मध्ये गांधीजींनी टॉल्स्टॉय फार्म सुरू केला. जमीन हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राची होती आणि सुतारकामाची जाण असलेला माणूसही तोच. बाकांपासून पेट्यांपर्यंत लागणाऱ्या वस्तू तिथल्या नवशिक्यांनीच केल्या. पुढं ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग ठेवण्याचा विचार मांडला गेला, त्यामागं असे अनुभव होते. आज अंगणात भूमिती आणि पटाशी एकत्र पाहिल्यावर तो विचार मला पुस्तकी वाटत नाही.

२३ मे

मे महिन्यातच पाऊस. अंगणातलं काम ओसरीत आणलं. फळ्या थेट फरशीवर ठेवल्या नाहीत, खाली पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवली.

२६ मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत पोचल्याची बातमी. इतक्या लवकर तो क्वचितच येतो. आणि मी आज वरची फळी बसवत होते, त्यामुळं मामांचा धडा डोळ्यांसमोरच घडला.

"आडवं लाकूड वाढतंय ताई, उभं वाढत न्हाई." लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत फरक पडतो तो नगण्य, रुंदीत मात्र पडतो. मी हिशेब केला. एप्रिलच्या कोरड्या दुपारी लाकडात सहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल, तर भर पावसाळ्यात तो बारापर्यंत जातो. सागाची फळी एका टक्क्यामागं रुंदीत साधारण हजारात दोन भाग हलते. म्हणजे २२ इंचांची फळी पाव इंच, सुताराच्या भाषेत दोन सूत फुगणार. ती चौकटीला पक्की चिकटवली तर पावसाळ्यात सांधे ताणले जातील किंवा पुढच्या उन्हाळ्यात फळी मधून फाटेल. म्हणून फळीला चिकट लावायचंच नाही. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाचा केल्या, त्यांत लाकडी गुटके अडकवले आणि गुटके फळीला खालून स्क्रूनं जोडले. फळी जागची उचलली जात नाही, पण सरकायला मोकळी राहते.

२ जून

जवसाच्या तेलाचा पहिला हात. हवेतला प्राणवायू घेऊन हे तेल घट्ट होतं, म्हणून लाकडावर टिकतं. शेंगदाण्याचं तेल तसं वाळत नाही, चिकट राहतं. आपल्या मराठवाड्याच्या करडईचं तेलही वाळणाऱ्या जातीचं आहे आणि रंगांच्या कारखान्यात वापरलं जातं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, पूर्ण वाळल्यावर दुसरा.

एक गोष्ट विसरू नये. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. वाळताना त्या तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवाव्यात, नाहीतर एकेक सुटी पसरून वाळवावी.

१४ जून

सोमवारी शाळा उघडते. टेबल खिडकीखाली आहे, पुस्तकांचा ढीग वर आला आहे. फळीवर खिळ्यांची काळी भोकं तशीच ठेवलीत. सासूबाईंनी त्यावरून ओळखलं, ही मधल्या खणाची तुळई.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावातली मुलं तिथं हातानं वस्तू करत विज्ञान शिकतात. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत निदान एक सुतारी बाक, चार पटाश्या आणि आठवड्यातून एकदा येणारा गावचा सुतार असावा, असं मला मनापासून वाटतं. शिकवणारे मामा अजून आहेत, त्यांच्या हातात अजून ताकद आहे. त्यांना मानधन देऊन बोलवायची वेळ आत्ताची आहे.

आणि ज्यांच्या घरचं माळवद यंदा उतरणार आहे त्यांना एवढंच सांगणं: वजनकाटा येण्याआधी एक तुळई बाजूला काढा. कोरड्या जागी, पट्ट्यांवर आडवी ठेवा, वाळवीपासून जपा. टेबल जमेल का अशी धाकधूक असेल तर पाटापासून सुरुवात करा.