सिंहगडची चढण आणि सायकलीचें ओझें

पुण्याच्या नैर्ऋत्येस तीसएक किलोमीटरांवर उभा असलेला सिंहगड हा पुणेकरांच्या घरचाच एक वडीलधारा आहे. कोणी त्याच्या भेटीस दर रविवारीं जातो, कोणी वर्षांतून एकदां, आणि कोणी नुसताच गच्चीवरून त्यास नमस्कार करितो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें १,३१२ मीटर आहे. पुणें शहर ५६० मीटरांच्या आसपास वसलेलें आहे. पायीं चढणारास पाऊलवाट आहे, मोटारीनें जाणारास घाट आहे. आणि अलीकडे या घाटांत भल्या पहांटे सायकलस्वारांचीहि रीघ लागलेली दिसते. पायीं चढणारास आपलें शरीर आणि शिदोरी एवढेंच वर न्यावें लागतें. सायकलस्वारास मात्र ज्या वाहनानें वर जावयाचें, त्या वाहनासहि आपणच न्यावें लागतें. या दुसऱ्या ओझ्याविषयीं, आणि तें थोडक्या पैशांत कसें उतरवितां येतें याविषयीं, आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों.

प्रसंग घरगुतीच आहे. आमच्या पुतण्याजवळ, श्रीधरजवळ, एक डोंगरी सायकल आहे. मुलें तिला ‘माउंटन बाईक’ म्हणतात. कार्तिकांत तो तिच्यावरून सिंहगडास जाऊन आला आणि घरीं येतांच त्यानें जाहीर केलें कीं, सायकल फार जड आहे. नवी हलकी घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. नव्या सायकलीची किंमत ऐकून वडील बंधूंनीं चष्मा काढून ठेविला. वहिनींनीं मुलाचा पक्ष घेतला, आजींनीं कोणाचाच घेतला नाहीं, आणि शेवटीं रात्रीच्या जेवणानंतर ठराव झाला तो असा: पांच हजार रुपये मिळतील, त्यांत काय हलकें करावयाचें तें करावें, देखरेख काकांची. अशा रीतीनें हें काम आमच्याकडे आलें.

या जातीच्या सायकलीचा जन्मच मुळीं जड आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं, मॅरिन परगण्यांतील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून धांवूं लागले. १९७६ पासून तेथील एका उतारावर शर्यती होऊं लागल्या. त्या उताराचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. कारण एकदां खालीं उतरलें कीं मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे. पुढें १९७७ च्या सुमारास जो ब्रीझ यांनीं खास डोंगरासाठीं सांगाडा घडविला, आणि या सायकलीचें स्वतंत्र कुळ सुरू झालें. दगडधोंड्यांचे धक्के सोसावयाचे म्हणून तिचा सांगाडा दणकट, टायर रुंद आणि पुढचा चिमटा स्प्रिंगचा. स्वस्त सायकलींत हा दणकटपणा जाड नळ्यांनीं आणि पोलादानें साधलेला असतो. म्हणून तिचें वजन चौदापासून सोळा किलोंपर्यंत सहज भरतें.

आम्हीं प्रथम सायकल तोलली. सामान तोलण्याचा लहानसा टांगता कांटा घेऊन ती जिन्याच्या कठड्यास लटकविली. वजन भरलें १६ किलो ४०० ग्रॅम. मग एका वहींत तीन रकाने पाडले: वस्तु, तिच्यांत वांचणारे ग्रॅम आणि त्यासाठीं पडणारे रुपये. रुपयांस ग्रॅमांनीं भागलें म्हणजे एक ग्रॅम उतरविण्याचा भाव निघतो. ज्याला थोडक्या पैशांत हें काम करावयाचें आहे, त्यानें या भावावांचून एकहि वस्तु विकत घेऊं नये.

पहिला भाव शून्य रुपयांचा निघाला. दुकानदारानें भेट म्हणून बसविलेलें लोखंडी कॅरिअर ८०० ग्रॅम, उभें करण्याचा स्टँड ४०० ग्रॅम आणि मडगार्डें ३५० ग्रॅम. पाऊस सरलेला होता, तेव्हां तिन्ही वस्तु उतरविल्या आणि दीड किलोंहून अधिक भार फुकट गेला. घंटा आणि मागचा तांबडा परावर्तक यांस हात लावला नाहीं. त्यांचें वजन थोडें आणि काम मोठें.

त्यानंतर पैशांची पाळी. स्प्रिंगांची लठ्ठ बैठक आणि तिच्यावरील जेलचें आवरण काढून ७०० रुपयांची साधी बैठक घेतली. ५५० ग्रॅम वांचले, भाव सव्वा रुपया ग्रॅम. पोलादी हँडलच्या जागीं ६०० रुपयांचें ॲल्युमिनियमचें बसविलें; ३३० ग्रॅम वांचले, भाव दोन रुपयांच्या आंत. मोठ्या खांचांचे जड टायर काढून कमी खांचांचे, कांहीसे अरुंद टायर घेतले. जोडीस २,४०० रुपये पडले आणि ५०० ग्रॅम वांचले. हा भाव पांच रुपयांच्या घरांत जातो; परंतु डांबरी रस्त्यावर खांचांचा टायर प्रत्येक वेढ्याला शक्ति खातो, म्हणून येथें वजनापेक्षां घर्षणाचा लाभ अधिक आहे. याउलट, श्रीधरनें मनांत धरलेला गिअरचा संच ६,००० रुपयांचा होता आणि वांचणार होते दीडशें ग्रॅम. चाळीस रुपये ग्रॅम हा भाव वहींत लिहितांच त्या संचाचें नांव त्यानें स्वतःच खोडलें.

कांहीं गोष्टी आम्हीं हट्टानें केल्या नाहींत. पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्यांत अडीच किलोंच्या आसपास भार असतो आणि साधा चिमटा घातल्यास किलोभर सहज उतरतो, हें खरें. परंतु साध्या सायकलीचा चिमटा आंखूड असतो. तो बसविला कीं सायकलीचें तोंड खालीं झुकतें आणि वळण्याची सारी रीत बदलते. योग्य लांबीचा आणि ब्रेक बसण्याची सोय असलेला चिमटा आमच्या बेतांत मिळेना, म्हणून तो विषय सोडून दिला. धातूच्या भागांस भोंकें पाडून वजन घटविणें, कमी तारांचीं चाकें घालणें, किंवा कोठल्या कारखान्यांतून आल्या हें ठाऊक नसलेल्या अतिस्वस्त कार्बनच्या दांड्या बसविणें, हीं कामें तर मुळींच करूं नयेत. धातु बहुधा वांकून इशारा देतो. कार्बन पुष्कळदां इशारा न देतांच मोडतो. कीथ बाँट्रेगर या अमेरिकन सायकलकारागिराचें एक वचन या धंद्यांत प्रसिद्ध आहे. त्याचा भावार्थ असा कीं, बळकटपणा, हलकेपणा आणि स्वस्ताई या तिघींपैकीं दोघीच एका घरांत नांदतात. ज्याचा खिसा लहान आहे, त्यानें बळकटपणास घराबाहेर काढून चालत नाहीं.

पौषांतल्या एका रविवारीं आम्ही दोघे निघालों. श्रीधर पुढें, आणि आमच्या जुन्या सायकलीवर आम्ही मागें. स्वारगेट सोडून सिंहगड रस्त्यास लागलों, तेव्हां दुकानें अद्याप मिटलेलीं होतीं. वडगांव, धायरी फाटा, नांदेड फाटा असें करीत खडकवासल्यापर्यंत रस्ता बहुतेक सपाट आहे. सपाटीवर वजनाचें फारसें चालत नाहीं; तेथें खरा विरोध वाऱ्याचा, आणि त्याच्या खालोखाल टायरांचा. चाकाच्या कडेवरील एक ग्रॅम हा दोन ग्रॅमांबरोबर, असें मुलें म्हणतात. तेंहि वेग वाढवितांना मात्र खरें. एकसारख्या गतीनें चाललें असतां, किंवा संथ चढ चढतांना, चाकावरील ग्रॅम आणि बैठकीवरील ग्रॅम यांचा तोल एकच.

खडकवासल्याचें धरण एकोणिसाव्या शतकांतलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें हेंहि फुटलें, आणि पाण्याचा भार म्हणजे काय हें पुण्यास कळलें. आतां तेथें धुक्याखालीं शांत पाणी पसरलेलें होतें. कांठावर थांबून आम्हीं श्रीधरची पाठीवरची पिशवी सोडविली. गेल्या खेपेस तिच्यांत दोन लिटर पाणी, किलोभराची कुलुपाची सांखळी, कपड्यांचा जोड आणि पान्यांचा आख्खा डबा असें पांच किलो ओझें होतें. या खेपेस एक ट्यूब, लहान पंप, दोन पाने, थोडा चिवडा आणि अर्धा लिटर पाणी. सारें मिळून दोन किलो. वाटेंत गांवें आहेत, पाणी मिळतें; मग घरून तें कां वाहावें?

डोणजे फाट्यावरून घाट सुरू होतो. आठ-नऊ किलोमीटरांत सुमारें सहाशें मीटर चढ आहे. येथें गति ताशीं आठ किलोमीटरांवर येते, वारा हिशेबांतून जातो आणि वजन हाच काय तो सावकार उरतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून जें ओझें, त्याच्याच प्रमाणांत बहुतेक श्रम पडतात. ऐंशीं किलोंतला एक किलो गेला तर तासाभराच्या चढांत पाऊण मिनिटाच्या आसपास वांचतें. श्रीधर स्वतः बासष्ट किलोंचा. त्यासह एकूण भार ८३ किलो ४०० ग्रॅमांवरून साडेसत्त्याहत्तर किलोंच्या आंत आला होता. कार्तिकांत त्यास ७४ मिनिटें लागलीं होतीं. या खेपेस ६८ लागलीं. आम्ही वळणावळणांवर उतरून चालत बऱ्याच वेळानें पोहोंचलों; तोंवर त्यानें वहींत बेरीज मांडून ठेविली होती. उतरलेल्या जवळजवळ सहा किलोंपैकीं साडेचार किलोंस एक पैहि पडली नव्हती.

पुणें दरवाजाजवळ डोंगराखालच्या गांवची एक बाई दह्याचीं मडकीं घेऊन बसली होती. ती रोज पाऊलवाटेनें वर येते. तिनें कुतूहलानें सायकल एका हातानें उचलून पाहिली आणि म्हणाली, “एवढीच व्हय? माजी पाटी यापरीस जड असती.” श्रीधरनें विचारलें, “मावशी, मग पाटी हलकी नाहीं करीत?” ती म्हणाली, “आत हाय ते समदं इकायचं हाय, बाबा. उगीचचं असतं तर खालीच ठिवलं असतं.” १६७० च्या फेब्रुवारींत याच गडाचा कडा तानाजीचे मावळे रात्रीं दोरानें चढले, त्यांच्याहि अंगावर लढाईस न लागणारें कांहीं नसावें, असें त्या वेळीं मनांत येऊन गेलें. पिठलें-भाकरी आणि कांद्याचीं भजीं खाऊन, देवटाक्याचें थंड पाणी पिऊन आम्ही उतरणीस लागलों.

आणि उतरण हीच हलकेपणाची खरी परीक्षा. चढतांना जी शक्ति खर्चिली, ती सारी उतरतांना वेग होऊन परत येते, आणि तिला आवरण्याचें काम ब्रेकांवर पडतें. भार कमी असला तर ब्रेकांचेंहि काम कमी होतें. परंतु ब्रेकांतच काटकसर केलेली असेल, तर तो लाभ कवडीचा नाहीं. सिंहगडच्या घाटांत वळणें आंखूड आहेत, समोरून मोटारी येतात, आणि पावसाळ्यांत दरडीहि कोसळतात. ब्रेक सतत दाबून ठेवूं नयेत. वळणापूर्वीं दोन्ही मिळून दाबावे आणि वळणांत मोकळे सोडावे, म्हणजे ते तापत नाहींत. वर सांगितलेल्या खरेदीचे ३,७०० रुपये झाल्यावर राहिलेल्या तेराशांतून ६५० रुपये ब्रेकांचे गुटके आणि नव्या तारा यांवर खर्चिले होते. त्यांत एक ग्रॅमहि वांचला नाहीं. पण पांच हजारांतला सर्वांत कारणीं लागलेला पैसा तोच, हें त्या उतारावर पुढें चाललेल्या श्रीधरच्या पाठीकडे पाहतांना आम्हांस पटलें.

उरलेले ६५० रुपये वहिनींच्या हातीं परत दिले. नव्या सायकलीचा विषय त्यानंतर घरांत निघालेला नाहीं. काढलेलीं मडगार्डें मात्र माळ्यावर पुसून ठेविलीं आहेत. मृग लागला कीं तीं पुन्हां बसवावयाचीं. साडेतीनशें ग्रॅम वाढतील, पण पावसाळ्यांत तें ओझें उगीचचें नाहीं.