खिमा, खिमटी आणि टर्की

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या लेस्टरच्या घरात टोमॅटो आणि लसणाचा वास दरवळू लागतो आणि बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीतून प्रश्न येतो, "आज तेच का?" मी "हो" म्हणते. त्यानंतरची शांतता समाधानाची असते, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला न सांगता कळते. 'तेच' म्हणजे टर्कीच्या खिम्याचा सॉस आणि त्यात कालवलेली मऊ मॅकरोनी. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर रविवारी मटणाच्या खिम्याखेरीज दुसऱ्या कशालाही 'जेवण' म्हटले नाही, त्यांच्या ताटात हा पदार्थ कसा आला ते सांगण्यासारखे आहे. त्यात पाककृती थोडी आणि बाकीचेच अधिक आहे.

आम्ही मूळचे ठाण्याचे. १९७९ साली लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा हे येथील एका विणकाम-यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होते. मुलगी इथेच जन्मली, शिकली आणि आता मँचेस्टरला तिच्या संसारात आहे. घरात आम्ही दोघेच. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय दुबळा झाला. बोलणे हळूहळू परत आले, पण गिळणे बिघडले ते बिघडलेच. गिळताना घशाच्या स्नायूंचा ताळमेळ चुकला, की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळू शकतो आणि त्यातून फुप्फुसांना जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. म्हणून रुग्णालयातून घरी येताना सोबत एक तक्ता आला: सर्व अन्न गुळगुळीत वाटून द्यावे.

मी सर्व अन्न वाटू लागले. भात वाटला, भाजी वाटली, वरण वाटले, कोंबडी शिजवून तीही वाटली. रंग निराळे, चव निराळी, पण ताटात सारे एकसारखेच दिसे. तिसऱ्या दिवशी यांनी चमचा खाली ठेवला आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, "जन्मभर खिमा खाल्ला. आता खिमटी." तान्ह्या बाळाला आपण प्रथम भरवतो ती खिमटी. मी हसले, कारण वाक्य चांगले होते. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. आजारापूर्वी ६८ किलो असलेले वजन वसंत ऋतू येईपर्यंत ६० वर आले होते.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाई महिन्याला येत. एप्रिलमध्ये त्यांनी एक पायरी वर चढवली. आता वाटलेले नको, मऊ आणि लहान तुकड्यांचे अन्न चालेल. तुकडा दीड सेंटिमीटरहून मोठा नसावा, इतकेच. मला वाटले, सुटलो. यांचा वाढदिवस होता. इव्हिंग्टन रस्त्यावरच्या खाटकाकडून खिमा आणला आणि आमच्या घरच्या पद्धतीने परतून, चांगला मोकळा, मटार घालून केला. पहिले तीन घास सुखाने गेले. चौथ्याला खोकला आला. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, श्वास अडल्यासारखा वाटला. दोन मिनिटांत सारे निवळले, पण त्या दोन मिनिटांत मी जे पाहिले ते अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून, कोणी सांगितले नसताना, मी पुन्हा खिमटीवर आले. तीन आठवड्यांत वजन ५८ झाले.

थेरपिस्ट बाईंना हे सांगताना मला शाळकरी मुलीसारखे वाटत होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावले, की दोष मांसाचा नव्हता, कोरडेपणाचा होता. सुटे कण तोंडात विखुरतात. दुबळी जीभ त्यांना गोळा करून एक घास बांधू शकत नाही आणि उरलेले कण नको त्या वेळी घशाकडे जातात. मटाराची साल तर आणखीच त्रासदायक. उलट, रस फार पातळ असेल तर तो आधीच निसटतो आणि घट्ट भाग मागे राहतो. म्हणून कण दाट सॉसने एकमेकांशी बांधलेले हवेत. त्यांनी एक परीक्षाही शिकवली. तुकड्यावर काटा ठेवून अंगठ्याने दाबावे, अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतके. तुकडा चेपला गेला आणि काटा उचलल्यावर पुन्हा पूर्ववत फुगला नाही, तर तो पुरेसा मऊ. (ही परीक्षा यांच्या पायरीपुरती आहे. प्रत्येकाची पायरी वेगळी असते आणि ती तज्ज्ञांनीच ठरवावी, ही विनंती. मी अंदाजाने वागले आणि दोन्ही वेळा चुकले.)

त्याच रात्री मुलीचा फोन आला. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई, टर्कीचा खिमा आण. टोमॅटोचा सॉस, अर्ध्या तासात होतो. मी मुलांना दर बुधवारी करून घालते." मी म्हटले, "टर्की? यांना?" त्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बाबांचं राहू दे. तू कधी जेवतेस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुपारचे दोन तास यांच्यासाठी शिजवण्यात आणि वाटण्यात जात, पाऊण तास भरवण्यात. मग मी ओट्यापाशी उभ्यानेच, सकाळची पोळी हातात धरून काहीतरी खात असे. यांचे वजन दर सोमवारी भिंतीवरच्या तक्त्यात लिहिले जाई. माझे कोणी पाहिले नव्हते, मीही नाही.

पहिला प्रयत्न अर्थातच फसला. सुपरमार्केटात टर्कीच्या खिम्याची दोन प्रकारची पाकिटे होती: छातीच्या मांसाचा, २ टक्के चरबीचा, आणि मांडीच्या मांसाचा, ७ टक्क्यांचा. आजारी माणसाला कमी चरबी तेवढी बरी, या ठाम समजुतीने मी २ टक्क्यांचा उचलला आणि त्याला आले, लसूण, गरम मसाला घालून अगदी मटणासारखा परतला. झाला तो भुसा. नेहमीच्या कोकराच्या खिम्यात २० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. ती सुटते, मांसाला वंगण देते आणि मसाला तिच्यातच मुरतो. टर्कीपाशी ते वंगण नाही. शिवाय आहारतज्ज्ञ बाईंनीही मला टोकले: वजन घटत असलेल्या वृद्धाच्या ताटातील स्निग्धांश काढून घेणे हे पथ्य नव्हे. यांना प्रथिने हवीत तशी ऊर्जाही हवी. सुदृढ वृद्धांनाही दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सांगितले जाते. साठ किलोच्या माणसाला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे गणित बदलते, ते डॉक्टरांनाच विचारावे. शंभर ग्रॅम टर्कीत साधारण वीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे एका वाढणीत दिवसाचा बराचसा वाटा येतो.

दुसऱ्या वेळी मांडीचा खिमा आणला आणि त्याला खिमा म्हणायचे सोडून दिले.

यांचे मन वळवायला मात्र वेगळीच वाट सापडली. टर्की हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात आणि पोर्तुगीज 'पेरू'. म्हणजे कोणालाच तो आपला वाटला नाही. जहांगीर बादशहाच्या माणसाने १६१२ च्या सुमारास गोव्याहून काही दुर्मीळ वस्तू आणि प्राणी दरबारात नेले, त्यांत टर्कीही होता. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मुलीने फोनवर ते दाखवले तेव्हा हे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "गोव्याहून गेलेला आहे. मग चालेल."

आता कृती. पाचशे ग्रॅम मांडीचा खिमा लागतो. तो धुऊ नये. आपल्याकडे खिमा चाळणीत धुण्याची सवय आहे, मलाही होती. पण कच्च्या कोंबडीचे किंवा टर्कीचे पाणी उडून जंतू ओटाभर पसरतात, आणि ते शिजवण्याने मरतात, धुण्याने नव्हे. पसरट पातेल्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घेऊन एक कांदा अगदी बारीक चिरून मऊ होईपर्यंत परतते. एक गाजर किसून घालते आणि लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून. आच वाढवून खिमा घातला, की दोन-तीन मिनिटे त्याला हात लावत नाही, म्हणजे खालून रंग येतो. मग लाकडी चमच्याच्या पाठीने गोळे फोडायचे. इथे घाई करू नये. सुपारीएवढी गाठ राहिली तरी आमच्या घरी ती चालत नाही. गुलाबी रंग पूर्ण गेला, की अर्धी वाटी दूध घालते आणि ते आटू देते. यामुळे मांस खरोखर मऊ होते. मग टोमॅटोच्या घट्ट गराचा एक चमचा, चिरलेल्या टोमॅटोंचा ४०० ग्रॅमचा एक डबा, मिरपूड, चिमूटभर ओरेगानो. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे. त्या वेळात मॅकरोनी शिजते.

दूध ही माझी कल्पना नव्हे. इटलीतील बोलोन्या शहरात या सॉसला 'रागू' म्हणतात आणि तेथील लोक त्याबाबत इतके काटेकोर, की १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटलीच्या पाककला अकादमीने त्याची कृती शहराच्या वाणिज्य मंडळात विधिवत नोंदवून ठेवली. त्या कृतीत दूध आहे. बाकी माझे सारेच त्यांच्या दृष्टीने अपराध. त्यांचा रागू गोमांसाचा आणि तासन्‌तास शिजणारा, माझा टर्कीचा आणि झटपट. शिवाय इटालियन माणसाला पास्ता दाताला किंचित लागेल असा हवा. मला नेमका उलट हवा. पाकिटावर दहा मिनिटे लिहिलेली असतात, मी चौदा-पंधरा शिजवते आणि काट्याने दाबून पाहते. लांब स्पॅगेटी आणतच नाही. मॅकरोनीचे वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवते. त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, सॉसमध्ये दोन-चार चमचे घातले की सारे एकजीव होते आणि रस वेगळा सुटत नाही. शाकाहारी घरांत खिम्याऐवजी मसुराची डाळ मऊ शिजवून असाच सॉस होईल. शेजारच्या गुजराती बहेन तसा करतात.

एवढ्या खिम्यात चार वाढण्या होतात. दोन त्या रात्री, दोन गार करून, तासा-दोन तासांच्या आत शीतकपाटात. दोन दिवसांत संपवायच्या किंवा सरळ गोठवून ठेवायच्या. पुन्हा गरम करताना वाफा येईपर्यंत, आणि एकदाच. म्हणून शुक्रवारी मी स्वयंपाक करत नाही. असा एखादा दिवस असू शकतो, हे दीड वर्ष माझ्या लक्षातच आले नव्हते. शुक्रवारी दुपारी मी झोपते. खरोखर झोपते.

त्या पहिल्या गुरुवारी मी दोन ताटल्या एकाच पातेल्यातून वाढल्या आणि यांच्यासमोर बसले. ताठ बसवणे, लहान चमचा, घास पूर्ण गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे नियम तेच होते. पण मी भरवत नव्हते. हे डाव्या हाताने खात होते आणि मधून मधून माझ्या ताटलीकडे पाहत होते. अर्धी ताटली संपल्यावर म्हणाले, "हा खिमा नाही."

"नाही," मी म्हटले.

"खिमटी पण नाही."

वजन आता ६३ च्या आसपास स्थिरावले आहे. ६८ होईल असे कोणी म्हणत नाही. खोकला अजून कधीतरी येतो आणि दर वेळी माझी खुर्ची मागे सरकते. मटणाची आठवण रविवारी हमखास निघते. कारखान्यात मापे घेण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, गुरुवारी शिजलेल्या मॅकरोनीवर काटा दाबून पाहण्याचे काम आता यांनी आपल्याकडे घेतले आहे. डावा अंगठा, पांढरे पडलेले नख, आणि मग अधिकाऱ्याने सही करावी तशी मान हलवणे.

गेल्या गुरुवारी पहिल्याच घासाला म्हणाले, "मीठ कमी आहे." रक्तदाबामुळे मीठ कमीच घालायचे, हे दोघांनाही ठाऊक आहे. मी उठले, लिंबाची फोड आणली आणि यांच्या ताटलीवर पिळली. त्यांनी चाखून पाहिले, काही बोलले नाहीत. मग हात लांब करून माझी ताटली माझ्यासमोरून ओढली आणि उरलेली फोड स्वतःच्या डाव्या हाताने तिच्यावर पिळली. बी पडली, तीही काढली.