पुन्हा ‘नीलगिरी’



१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ आणि ‘नीलगिरी’ या युद्धनौका आणि पाणबुडी ‘वाघशीर’ एकत्र नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. ‘नीलगिरी’ म्हटल्यावर मामा, तुम्हीच आठवलात. तुम्ही वेल्डिंग केलेली ‘नीलगिरी’ ३ जून १९७२ला दाखल झाली होती, देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका. नौका निवृत्त झाली तरी नौदल तिचं नाव मोडीत काढत नाही, पुढच्या नौकेला देतं.

जलावतरणाला प्रथेप्रमाणे स्त्रीच्या हातून नारळ फुटतो, पण तेव्हा जहाज निम्मंशिम्मंच असतं. यंत्रं, पाइप, केबली, शस्त्रं बसवण्यात पुढची वर्षं जातात. कमिशनिंगच्या, म्हणजे नौदलात दाखल होण्याच्या दिवशी कप्तान सनद वाचतो, राष्ट्रगीत होतं, पिछाडीला नौदलाचा ध्वज चढतो आणि डोलकाठीवर लांब, चिंचोळी पताका उलगडते. नौका निवृत्त होईपर्यंत ती पताका तिची. जहाज गोदीचं राहत नाही. ते बांधणाऱ्यांना त्या वेळी काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. मला ते फार लागतं.

एका शहराने मात्र आपल्या नावाची नौका आपली मानली. दुसऱ्या महायुद्धात, १ मार्च १९४२ला अमेरिकेची युद्धनौका ‘ह्यूस्टन’ जावाजवळ बुडाली. ३० मेला ह्यूस्टन शहरातल्या हजार तरुणांनी भर रस्त्यात नौदलाची शपथ घेतली. नव्या ‘ह्यूस्टन’साठी शहराने युद्धरोख्यांतून साडेआठ कोटी डॉलर उभे केले. इतके, की उरलेल्या पैशांत ‘सॅन हॅसिंटो’ ही विमानवाहू नौकाही झाली.

आपल्याकडे नौका सरकारी खजिन्यातून होतात, वर्गणी कुणी मागत नाही. पण लोकांना नौकांची ओळख तरी हवी! नोव्हेंबर २०२३मध्ये ‘सुरत’चं बोधचिन्ह सुरतेतच लोकांपुढे आलं, ते मला फार आवडलं. आपल्या माझगाव-लालबागच्या मुलांना मात्र उशाशी काय बांधलं जातं याची कल्पना नसते.

डिसेंबरात नौदल सप्ताहात युद्धनौका पाहायला मिळतात. यंदा चाळीतली मुलं घेऊन जायचं ठरवलं आहे. तुम्ही बरोबर या. तोफा कुणीही दाखवील. पत्र्याला पत्रा कसा जोडतात, हे तुम्हीच सांगा त्यांना.

तुमची भाची